भांगेच्या म्युझियममध्ये कोथिंबीर वडी

माझी भावजय दीपा खोटं बोलत नाही. ती फक्त सत्याला चांगले कपडे घालून बाहेर काढते.

तिची मुलगी इला ओकलंडमध्ये भांगेच्या म्युझियममध्ये काम करते, हे झालं सत्य. क्युपर्टिनोच्या मराठी मंडळात दीपाने सांगितलेलं सत्य असं होतं : "आमची इला ना, वनस्पतींच्या इतिहासावर काम करते. म्युझियममध्ये क्युरेटर आहे." यात एक अक्षर खोटं नाही. भांग ही वनस्पती आहे, तिला इतिहास आहे आणि इला क्युरेटरच आहे. आता कुणी "कुठल्या वनस्पती गं?" असं खोलात शिरलंच, तर दीपा म्हणायची, "अय्या, ही साडी कुठे घेतलीस?" की वनस्पतींचा इतिहास तिथेच संपायचा.

मी शैलजा. दीपाची नणंद, म्हणजे प्रतापची मोठी बहीण. नागपूरला टेलिफोन खात्यात नोकरी झाली, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे कुणी काही लपवून बोलायला लागलं की माझे कान आपोआप टवकारतात. दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये मी सहा महिन्यांसाठी भावाकडे आले, आणि आल्याआल्याच विचारलं, "इला नेमकं करते तरी काय?"

प्रताप टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "भांग, ताई."

मी इतकी हसले की दीपा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला खरंच कळेना. आमच्या मोहल्ल्यातल्या देवळात महाशिवरात्रीला भांग घोटली जायची, आणि एरवी चहासुद्धा न पिणारे आमचे हेडमास्तर ती प्रसाद म्हणून घेऊन दुपारभर ओट्यावर बसून हसायचे. ते मी दीपाला सांगितलं.

"ताई, नागपूरचं राहू द्या," ती म्हणाली. "इथे एकीचा मुलगा सर्जन आहे, दुसरीची मुलगी चिप डिझाइन करते. त्यांच्यात बसून मी काय सांगू? माझी मुलगी गांजाची माहिती देते?"

इला मिशिगनमधल्या ॲन आर्बरला इतिहास शिकली. ती कॉलेजात असताना हे दोघं तिथून इकडे आले, म्हणून मंडळातल्या कुणी तिला पाहिलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी सगळी व्यवस्था होती. एकदा प्रतापबरोबर मी गुपचूप म्युझियम पाहून आले. मला वाटलं होतं, धूर असेल, केस वाढवलेली पोरं असतील. तर कुठलं काय! जहाजांचे दोर, शिडांचं कापड, जुन्या औषधांच्या बाटल्या, लोकांना घाबरवायला काढलेली जुनी पोस्टरं, आणि कायदे कसे बदलत गेले त्याची चित्रं. रोपटंसुद्धा प्लास्टिकचं! इला म्हणाली, "आत्या, आम्ही कोणाला स्मोक कर म्हणत नाही, आणि करू नको पण म्हणत नाही. काय हॅपन झालं ते सांगतो. मग लोक स्वतः विचार करतात." मला पोरीचं कौतुक वाटलं. मी तिला तसं तोंडावर सांगितलंही. ती एवढंच म्हणाली, "आईला सांग ना हे."

आणि मग आली कोजागरी.

मंडळात ज्येष्ठांच्या सहलीचं खातं संध्याकडे आहे. ज्येष्ठ म्हणजे आम्ही, मुलांकडे सहा-सहा महिने येऊन पडलेले आईबाप. आम्हाला दर खेपेला खाडीवरचा तो प्रसिद्ध लाल पूल दाखवतात. आता पुलालाच आमचे चेहरे पाठ झाले असतील. तर कोजागरीच्या दुधाच्या वेळी संध्या उठली आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "यावेळी काहीतरी हटके! ओकलंडला कॅनबिसच्या इतिहासाचं म्युझियम आहे. त्यांचीच ईमेल आली होती. कम्युनिटी ग्रुप्सना फ्री, गाइड फ्री, बसला पार्किंग फ्री. मी हो कळवून टाकलंय!"

"कॅनबिस म्हणजे?" एका काकूंनी विचारलं.

"भांग हो," विनयराव म्हणाले. विनयराव हे वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर, गुडघ्यांनी बेजार आणि उत्साहाने तरुण. "शैक्षणिक आहे ना? मग काहीच हरकत नाही."

पुलासाठी अर्धी बस भरताना संध्याच्या नाकी नऊ यायचे. ही बस त्याच संध्याकाळी भरली. दीपाच्या दुधावर मात्र साय धरली. तिने पेला तोंडाला लावलाच नाही.

घरी येताच तिने इलाला फोन लावला, स्पीकरवर. "हे बघ, ती मंडळाची बस कॅन्सल कर. काहीही कारण सांग."

इला म्हणाली, "आई, मी नाही कॅन्सल करू शकत." आणि तिने सांगितलं ते असं. त्या इमारतीत म्युझियम राहायचं तर शहराचा परवाना हवा, आणि परवाना मिळतो तो शैक्षणिक संस्था म्हणून. शहराच्या ऑफिसातली बाई सहलीच्याच दिवशी येणार होती, खऱ्या लोकांना खरोखर काही शिकवलं जातं का ते बघायला. शाळा यायला घाबरत होत्या, चर्चवाले फोन उचलत नव्हते. "तुमची बस इज माय ओन्ली ग्रुप. ती नाही आली तर नव्या वर्षात आम्ही बंद. दॅट्स इट."

दीपाने डोळे मिटले. मला वाटलं, आता विरघळली.

"बरं, येतो आम्ही," ती म्हणाली. "पण एक कर. त्या दिवशी तू मला ओळखत नाहीस."

मी प्रतापकडे बघितलं. प्रतापने पायांकडे बघितलं.

"ओके," इला म्हणाली. "यू आर अ व्हिजिटर."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस, आई." आणि फोन बंद झाला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दीपा, पोटच्या पोरीला ओळख दाखवू नको म्हणतेस? तिने काय चोरी केलीय?"

"ताई, तुम्ही फेब्रुवारीत परत जाल," ती म्हणाली. "मला इथेच राहायचंय, ह्याच लोकांत." तिचा आवाज रडवेला झाला होता, म्हणून मी पुढचं गिळलं. गिळणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे घशात बरेच दिवस अडकून राहिलं.

त्या फोननंतर इला घरी आली नाही. रविवारी हमखास यायची, ती नाही आली. "बिझी आहे" एवढाच निरोप यायचा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सहल निघाली. प्रत्येक घराने काहीतरी करून आणायचं होतं. कुणी दशम्या, कुणी तिखटमिठाच्या पुऱ्या. दीपाकडे कोथिंबीर वडी होती. ती पहाटेच उठून उंडे वाफवत, वड्या कापत, तळत बसली. बससाठी एक मोठा ट्रे भरला. मग एक छोटा स्टीलचा डबा काढला आणि त्यात निवडून निवडून, कडेला नीट खरपूस झालेल्या वड्या भरल्या.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"असाच."

असाच! कोथिंबीर वडी म्हटली की इला लहानपणी झोपेतून उठून यायची, हे मला का माहीत नव्हतं?

म्युझियमच्या दारात इला उभी होती. काळं जॅकेट, केस वर बांधलेले, चेहऱ्यावर सगळ्यांसाठी सारखं हसू. "वेलकम एव्हरीवन. माय नेम इज इला."

"अगोबाई, मराठी नाव!" एक काकू लगेच पुढे. "कुठली गं तू?"

"आय ग्रू अप इन मिशिगन, काकू," इला गोड हसून म्हणाली आणि पुढे चालायला लागली. यातही एक अक्षर खोटं नव्हतं. म्हटलं, लेक आईवर गेलीय खरी. दीपाच्या क्युरेटर लेकीशी हिची सांगड घालायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शहराच्या ऑफिसातली बाई मागे उभी होती. मिसेस व्हिटेकर नाव. उंच, पांढरे केस, काखेत फाइल, आणि आपण कशालाही भुलणार नाही असा चेहरा. संध्याने आधी दारातच प्रास्ताविक केलं, कारण प्रास्ताविकाशिवाय आपल्याला शौचालयाचंसुद्धा उद्घाटन करता येत नाही. मग आत गेलो.

आणि इला काय बोलली म्हणून सांगू, अर्धं आमच्यासाठी मराठीत, अर्धं मिसेस व्हिटेकरसाठी इंग्रजीत! दोरांच्या दालनात तिने काकांना दोर ओढायला लावला. बाटल्यांच्या दालनात म्हणाली, एकेकाळी हे औषधांच्या दुकानात उघड मिळायचं. मग इंग्रजांनी हिंदुस्थानात नेमलेल्या कमिशनची गोष्ट सांगितली. गावोगाव माणसं विचारली, डॉक्टर विचारले, साधू विचारले, भलेमोठे ग्रंथ भरले, आणि निष्कर्ष काय, तर बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, सरसकट बंदीची गरज नाही.

"आणि मग रिपोर्ट कपाटात ठेवला असेल," विनयराव म्हणाले.

"काका, तुम्हाला गव्हर्मेंटचा एक्स्पिरियन्स आहे वाटतं," इला म्हणाली. सगळे हसले. मिसेस व्हिटेकरच्या ओठाचा एक कोपरासुद्धा हलला. कुणीतरी विचारलं, पोरांनी हे घेतलं तर वाईटच ना? इलाने तेही सरळ सांगितलं, वाढत्या वयात डोक्याला काय त्रास होऊ शकतो ते. काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही.

दीपा सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. मी सहज वळून पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर पोर बोलत असताना खाली बसलेल्या आईचे हलतात ना, तसे. मला तिचा इतके दिवस आलेला राग तिथेच निम्मा उतरला.

शेवटचं दालन हिंदुस्थानचं. महादेवाची मोठी तसबीर, पितळी लोटे, आणि एका चौथऱ्यावर पाटा-वरवंटा. शेजारी मातीची केलेली भांगेची हिरवी गोळी, बघण्यापुरती. तसबीर दिसताच काकूंनी दारात चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या, आणि ओकलंडच्या त्या चकचकीत फरशीवर आपल्या देवळाबाहेर असतो तसा ढीग झाला. त्या गडबडीत दीपाने डाव साधला. पाट्याच्या शेजारी एक पांढरा चौथरा रिकामाच होता. तिने तिथे आपला स्टीलचा डबा ठेवला, वड्यांना घाम सुटू नये म्हणून झाकण बाजूला केलं आणि इलाला डोळ्यांनी खूण केली. इला बोलण्यात गुंग होती. तिने पाहिलंच नाही.

पाहिलं विनयरावांनी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा ज्येष्ठांचं अमेरिकेतलं खरं शिक्षण कॉस्टकोच्या अवाढव्य दुकानात होतं. मुलं सामान भरत असतात आणि आम्ही टेबलाटेबलावरचे नमुने खात हिंडतो. पनीरसारखं काहीतरी, पावासारखं काहीतरी. कुणी विचारत नाही, पैसे घेत नाही. तीन आठवड्यांत माणसाच्या मनावर ठसतं की या देशात टेबलावर उघडी ठेवलेली बारीक वस्तू ही खाण्यासाठी असते. शिवाय फुकट.

विनयरावांनी एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि मान डोलावली. "वा! सँपल उत्तम आहे."

बघता बघता रांग लागली. शिस्तीत, ज्येष्ठ महिला पुढे.

"कोथिंबीर वडीच लागतेय," एक काकू म्हणाल्या.

"लागणारच! पण म्युझियम कशाचं आहे?" विनयरावांनी भुवया उडवल्या. "त्यात 'ते' घातलेलं असणार."

"अगोबाई!" म्हणून काकूंनी दुसरी घेतली. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मला बाई हलकं हलकं वाटतंय." संध्याला खुदकन हसू आलं आणि ते थांबेचना. बसमध्ये तोंडातून शब्द न काढलेले एक आजोबा भिंतीला टेकून गुणगुणायला लागले. विनयराव गुडघा वाकवून सरळ करत म्हणाले, "दुखायचं थांबलं! खरंच थांबलं!" लपवत नाही, मीही दोन खाल्ल्या होत्या. त्या वड्या पहाटे माझ्यासमोर तळल्या गेल्या होत्या, तरी माझं डोकं क्षणभर गरगरलंच. आणि दीपा? ती खांबासारखी उभी. डबा माझा म्हणावं तर डबा कुणासाठी, ते सांगावं लागणार.

मिसेस व्हिटेकर गर्दीतून वाट काढत आल्या. डब्याकडे पाहिलं. हिरवे चौकोन. शेजारी हिरवी गोळी. समोर हसणारे, गुणगुणणारे म्हातारे.

"व्हॉट इज दिस?"

"फ्री सँपल, मॅडम," विनयराव अभिमानाने म्हणाले. "व्हेरी स्ट्राँग!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इला धावत आली आणि पांढरीफटक पडली. मिसेस व्हिटेकर पुढे जे बोलल्या ते मला सगळं कळलं, कारण चिडलेली शहाणी माणसं कुठल्याही भाषेत सावकाश बोलतात. इथे काहीही चाखायला द्यायचं नाही, ही परवान्याची पहिली अट होती. हे म्युझियमने दिलंय का?

"नो! मॅम, इट्स जस्ट कोरिअँडर. इट्स अ स्नॅक."

"कोणी केलंय?"

इलाने घरचा स्टीलचा डबा ओळखला.

मिसेस व्हिटेकर म्हणाल्या, हे म्युझियमच्या माणसांपैकी कुणाचं घरचं जेवण असेल, चुकून इथे राहिलं असेल, तर मी समजू शकते. पण बाहेरचं कुणीतरी हे आणून वाटत असेल, आणि ते कोण हेच तुम्हाला सांगता येत नसेल, तर मला ही भेट इथेच थांबवावी लागेल.

इलाची नजर उचलली गेली आणि सरळ दीपावर आली. पापणी लवेपर्यंत तिथे थांबली. मग दुसरीकडे वळली.

"वन ऑफ द व्हिजिटर्स," इला म्हणाली. "आय डोंट नो हर."

एका वाक्यात सुटली असती पोरगी. 'माझ्या आईने केलंय' एवढं म्हणायचं होतं. पण आईला शब्द दिला होता, आणि म्युझियम बुडालं तरी तो ती मोडणार नव्हती. मी तोंड उघडणार एवढ्यात मला दीपा दिसली. स्वतः मागून घेतलेली गोष्ट हातात पडल्यावर माणसाचं तोंड असं होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"यू डोंट नो हर?" दीपा ओरडली. मिसेस व्हिटेकरवर नाही, इलावर! "व्हॉट डू यू मीन, यू डोंट नो हर? रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले ती कोण होती मग? व्हिजिटर?"

आजोबांचं गुणगुणणं बंद.

"आई..." इला पुटपुटली.

दीपा गर्दीतून पुढे आली, अनवाणी. तिने डबा उचलून छातीशी धरला आणि मिसेस व्हिटेकरसमोर उभी राहिली. "आय मेड इट. कोरिअँडर अँड बेसन. फर्स्ट स्टीम, देन कट, देन फ्राय. नथिंग एल्स. आय ॲम हर मदर. शी इज नॉट कमिंग होम, सो आय ब्रॉट." आणि मग आवाज फुटला. "बिकॉज ऑफ मी शी इज नॉट कमिंग."

"म्हणजे यात काहीच नव्हतं?" विनयराव कळवळून म्हणाले आणि गुडघा धरून बाकावर बसले. गेलेलं दुखणं तिथल्या तिथे परत आलं होतं.

संध्याचं हसू थांबलं. "दीपा, अगं, वनस्पतींच्या इतिहासातली इला ती ही?"

"हीच," दीपा म्हणाली. "भांगेच्या म्युझियमची क्युरेटर. हे सगळं तिने मांडलंय. माझ्या मुलीने."

मिसेस व्हिटेकरनी फाइल खाली घेतली आणि इलाला विचारलं, "इज शी युअर मदर?"

इलाचे डोळे भरले होते तरी ती दीपाकडेच बघत राहिली. दिलेला शब्द अजून तिच्याकडेच होता.

"सांग ना गं," दीपा म्हणाली. "सांग त्यांना."

"येस," इला म्हणाली. "दॅट्स माय मॉम."

डब्यात शेवटची एक वडी उरली होती. मिसेस व्हिटेकरनी ती उचलली, उलटसुलट केली, वास घेतला आणि कोपरा खाल्ला. मग सगळी खाल्ली. फाइल उघडून लिहिता लिहिता म्हणाल्या, "स्टाफ लंच." आणि थोडं थांबून, "प्लीज, पुढचं दालन दाखवा." पुढे दालन नव्हतंच. पण इलाने त्यांना परत पहिल्या दालनापासून नेलं आणि आम्ही सगळे पुन्हा मागोमाग गेलो. यावेळी दीपा सगळ्यांच्या पुढे होती.

बसमध्ये चढताना इला दारापर्यंत आली. तिने रिकामा डबा आईच्या हातात दिला. "मला एकपण नाही मिळाली."

"घरी ये. ताज्या करते," दीपा म्हणाली. "शनिवारी ये."

"शनिवारी? आई, शनिवारी तर तुझ्याकडे फराळ आहे. सगळं मंडळ असणार."

"म्हणूनच," दीपा म्हणाली.